आजारवार हिशेब : आरोग्य ॲपवरील खर्च समजून घेण्याची रीत

डॉक्टरांशी मोबाइलवरून बोलणे, औषधे घरपोच मागवणे, रक्ताचा नमुना घरबसल्या देणे आणि जुने अहवाल एका जागी साठवणे ही चारही कामे आता एकाच पडद्यावरून होऊ लागल्यामुळे कुटुंबाच्या वैद्यकीय खर्चाचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी दवाखान्यात, औषधाच्या दुकानात आणि प्रयोगशाळेत प्रत्येक वेळी खिशातून नोटा काढाव्या लागत, त्यामुळे खर्च डोळ्यांना दिसत असे. आता तोच खर्च लहान लहान रकमांत, निरनिराळ्या ॲपवर आणि निरनिराळ्या दिवशी होतो, त्यांतील काही रकमा तर कोणी बोटही न लावता खात्यातून वळत्या होतात, आणि कोणत्या दुखण्यावर किती पैसे गेले याचे उत्तर महिनाअखेरीस घरातल्या कोणालाच देता येत नाही.

या अडचणीवर उपाय साधा आहे, पण तो नेटाने पाळावा लागतो : खर्चाचा हिशेब ॲपनुसार न मांडता आजारानुसार मांडावा. ॲप प्रत्येक खरेदीवर किती रुपये वाचले ते ठळक अक्षरांत दाखवते, परंतु एका दुखण्याचा उपचार मार्गी लागेपर्यंत एकूण किती रुपये लागले हे ते दाखवू शकत नाही, कारण त्या दुखण्यावरचा बराचसा खर्च त्या ॲपच्या बाहेर झालेला असतो. पुढील विवेचनात खर्चाचे घटक, प्रत्येक घटक आटोक्यात ठेवण्याचे उपाय, ग्राहकाला कायद्याने मिळालेले संरक्षण आणि शेवटी अशा हिशेबाची वही कशी ठेवावी, हे क्रमाने मांडले आहे.

खर्चाचे पाच थर

पहिला थर म्हणजे वैद्यकीय सेवेचे मूळ शुल्क, म्हणजे डॉक्टरांची फी किंवा तपासणीचा दर. दुसरा थर मंचाच्या, म्हणजे ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या, शुल्काचा. सुविधा शुल्क, हाताळणी शुल्क, घरपोच शुल्क आणि नमुना घेण्यासाठी घरी येण्याचे शुल्क ही त्याची नेहमीची नावे असून, डॉक्टरांची वैद्यकीय सेवा वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असली तरी मंचाच्या सुविधा शुल्कावर तो कर लागतो. तिसरा थर सभासदत्वाचा, ज्यात ठरावीक मासिक वा वार्षिक रकमेच्या बदल्यात सवलती देण्याचे आश्वासन असते. चौथा थर उपकरणांचा असून तो बहुधा लक्षात येत नाही : साखर नोंदवणारे ॲप विनामूल्य असते, पण ते ज्या ग्लुकोमीटरला जोडलेले असते त्याला त्याच कंपनीच्या पट्ट्या लागतात, आणि आठवड्यातून चार वेळा साखर पाहणाऱ्या रुग्णाला वर्षाला दोनशेहून अधिक पट्ट्या विकत घ्याव्या लागतात, म्हणून असे उपकरण निवडताना यंत्राच्या किमतीपेक्षा पट्टीचा दर आधी विचारला पाहिजे.

पाचवा थर पैशांत मोजला जात नाही, तो वैयक्तिक माहितीचा असतो. आजार, औषधे, मासिक पाळी, गर्भारपण, मानसिक अस्वास्थ्य यांची नोंद ठेवणारे विनामूल्य ॲप चालवण्याचा खर्च कोठून तरी निघावा लागतो आणि अनेकदा तो जाहिरातींतून वा माहितीच्या वापरातून निघतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून, माहिती कोणत्या कामासाठी घेतली जात आहे हे सांगून संमती घेणे आणि दिलेली संमती मागे घेण्याची सोय ठेवणे ही त्याची मूळ तत्त्वे आहेत. औषधे मागवण्यासाठी संपर्क यादी, मायक्रोफोन किंवा छायाचित्रांचा संपूर्ण साठा खुला करण्याची गरज नसते. अशी परवानगी मागितली गेल्यास ती नाकारावी.

दूरस्थ सल्ला : केव्हा परवडतो, केव्हा महाग पडतो

दूरवैद्यक, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर वेगवेगळ्या ठिकाणी असताना दूरध्वनी, चित्रफोन किंवा लिखित संदेश यांच्या आधारे दिलेली वैद्यकीय सेवा, हिला भारतात २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्पष्ट चौकट दिली. या तत्त्वांनुसार डॉक्टर प्रत्यक्ष भेटीप्रमाणेच योग्य शुल्क आकारू शकतात, मात्र त्यांनी पावती देणे अपेक्षित आहे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि रुग्णाशी होणाऱ्या व्यवहारात दिसला पाहिजे. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला स्वतःहून रुग्णाला सल्ला देण्याची किंवा औषध लिहून देण्याची मुभा नाही, ती केवळ डॉक्टरांना साहाय्य करू शकते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : पलीकडे नोंदणीकृत डॉक्टर आहेत की केवळ स्वयंचलित उत्तरे देणारी यंत्रणा आहे, आणि भरलेल्या शुल्कात त्याच तक्रारीसाठीची पुढील विचारणा अंतर्भूत आहे की प्रत्येक प्रश्नाला नवे शुल्क लागणार आहे.

याच तत्त्वांमध्ये औषधांचे गट पाडलेले आहेत. तापाच्या साध्या गोळ्या किंवा जलसंजीवनी यांसारखी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात. काही औषधे पहिल्याच सल्ल्यात लिहायची तर चित्रफोनवर रुग्णाला पाहणे आवश्यक असते. काही औषधे प्रत्यक्ष भेटीनंतरच्या पाठपुराव्यातच लिहिता येतात. आणि अंमली स्वरूपाची व विशेष नियंत्रणाखालील औषधे दूरस्थ सल्ल्यातून देताच येत नाहीत. त्याच डॉक्टरांशी, त्याच आजारासाठी, प्रत्यक्ष भेटीपासून सहा महिन्यांच्या आत साधलेला संपर्क पाठपुरावा मानला जातो. या वर्गवारीचा खर्चाशी थेट संबंध आहे, कारण जे औषध दूरस्थ सल्ल्यातून लिहिलेच जाणार नाही त्यासाठी शुल्क भरले, तर ते वाया जाऊन प्रत्यक्ष भेटीचा खर्च पुन्हा करावाच लागतो.

हे एका उदाहरणाने मांडता येईल. सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावातील मधुमेही स्त्रीला शहरातल्या डॉक्टरांकडे जायचे असेल आणि डॉक्टरांची फी ४०० रुपये, तिचे व सोबत येणाऱ्या मुलाचे एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे १६० रुपये आणि मुलाची बुडालेली मजुरी ५०० रुपये असे धरले, तर त्या भेटीचा खरा खर्च १,०६० रुपये होतो. ॲपवरील सल्ला ५०० रुपयांना मिळत असेल, तर वरवर पाहता ५६० रुपये वाचतात. परंतु बोलणे संपल्यावर डॉक्टरांनी प्रत्यक्ष येऊन दाखवण्यास सांगितले, तर दोन्ही खर्च मिळून १,५६० रुपये होतात. हा हिशेब पुढे नेला, तर या आकड्यांनुसार अशा सल्ल्यांपैकी साधारण निम्मे तरी मोबाइलवरच मार्गी लागले पाहिजेत. त्याहून कमी लागत असतील, तर वर्षाअखेरीस ॲप महाग पडलेले असते.

म्हणून दूरस्थ सल्ला कशासाठी घ्यावा याचा निर्णय दुखण्याच्या स्वरूपावरून करावा. तपासणीचा अहवाल दाखवणे, स्थिरावलेल्या रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या औषधांची मात्रा विचारणे, त्वचेवरील पुरळ स्पष्ट छायाचित्रासह दाखवणे, मानसोपचारातील नियमित संभाषण आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे या कामांत तो उपयोगी पडतो. याउलट पोट दाबून पाहणे, छातीला नळी लावून ऐकणे किंवा कान तपासणे ज्या तक्रारीत अटळ आहे, तिथे थेट दवाखान्यात जाणेच स्वस्त आणि सुरक्षित ठरते. छातीत दुखणे, धाप लागणे, शरीराची एक बाजू लुळी पडणे, बाळाने दूध पिणे सोडणे अशा प्रसंगी ॲप उघडण्यात वेळ न घालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

सल्ल्याच्या वेळेचाही उपयोग करून घेता येतो. चालू औषधांची नावे व मात्रा, मागील दोन अहवाल, घरी मोजलेल्या रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या तारीखवार नोंदी आणि विचारायचे तीन प्रश्न एका कागदावर लिहून जवळ ठेवले, तर आठदहा मिनिटांच्या संभाषणातून पुरेसे निष्पन्न होते आणि राहून गेलेल्या प्रश्नासाठी दुसऱ्यांदा पैसे भरण्याची पाळी येत नाही.

औषधे : सवलतीआधी मूळ किंमत

औषधांच्या ॲपवर सवलत नेहमी छापील कमाल किमतीवर मोजलेली असते, आणि एकाच घटकाच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या गोळ्यांच्या छापील किमतींत मोठी तफावत असू शकते. त्यामुळे पंचवीस टक्के सवलतीत घेतलेली महाग गोळी स्वस्त गोळीच्या पूर्ण किमतीपेक्षाही महाग पडणे सहज शक्य असते. यासाठी डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचे घटकनाम, म्हणजे ज्या रसायनामुळे औषध काम करते त्याचे नाव, लिहिण्याची विनंती करावी आणि तुलना करताना एका गोळीचा दर काढावा, कारण पाकिटात कधी दहा, कधी चौदा, तर कधी पंधरा गोळ्या असतात.

आवश्यक औषधांच्या यादीतील औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरण औषध मूल्य नियंत्रण आदेश २०१३ नुसार ठरवून देते, आणि या प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या विनामूल्य ॲपवर ती पाहता येते. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी परियोजनेच्या केंद्रांवर घटकनामाने विकली जाणारी औषधे नाममुद्रांकित औषधांपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असल्याचे शासन सांगते, आणि जवळचे केंद्र कोठे आहे व तिथे औषध कोणत्या दराने मिळते हे ‘जनऔषधी सुगम’ या ॲपवर समजते. ज्या घरात मधुमेह, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांची औषधे वर्षानुवर्षे चालणार आहेत, त्या घराने खासगी ॲपच्या सवलतींची तुलना करण्याआधी ही दोन्ही ॲप एकदा उघडून पाहावीत.

मात्र स्वस्त पर्याय निवडताना नावाबरोबर औषधाचा प्रकारही जुळला पाहिजे. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम ही साधी गोळी आणि त्याच नावापुढे ‘एसआर’ वा ‘ईआर’ अशी अक्षरे असलेली गोळी यांत फरक असतो. दुसरी गोळी पोटात सावकाश विरघळावी अशी बनवलेली असते, त्यामुळे पडद्यावर ‘पर्यायी औषध’ म्हणून एकीच्या जागी दुसरी सुचवली गेली, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. थायरॉइडच्या आणि अपस्माराच्या औषधांबाबत तर मात्रेतील किंचित फरकही जाणवू शकतो, म्हणून तिथे कंपनी बदलतानाही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कायम चालणारी औषधे महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांची एकदम मागवल्याने घरपोच शुल्क वाचते, परंतु नुकतीच सुरू झालेली किंवा मात्रा बदलण्याची शक्यता असलेली औषधे एवढ्या प्रमाणात घेऊ नयेत, कारण डॉक्टरांनी औषध बदलले की उरलेली पाकिटे कपाटात पडून राहतात. वस्तू हाती आल्यावर समाप्तीची तारीख, पाकिटावरील मात्रा आणि बिलावरील नाव ही तिन्ही ताडून पाहावीत; इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागत असल्याने ते बर्फाच्या पिशवीसह आले आहे ना हे आणून देणारा दारात असतानाच तपासावे, कारण अशी औषधे बहुतेक ठिकाणी नंतर परत घेतली जात नाहीत. ओळखीचा औषधविक्रेताही कायमच्या ग्राहकाला पुष्कळदा सवलत देतो आणि एकच पट्टी, क्वचित चारच गोळ्याही देतो; त्याचा दर विचारल्याशिवाय ॲप स्वस्त आहे असे ठरवणे योग्य नाही.

तपासण्या : संख्येचे आकर्षण

‘संपूर्ण शरीर तपासणी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या संचांत ऐंशी-नव्वद चाचण्या असल्याचे सांगितले जाते, पण ही संख्या कशी होते ते पाहणे उद्बोधक आहे. रक्तपेशींची नेहमीची तपासणी ही एकच चाचणी असली, तरी तिच्या अहवालात वीसच्या आसपास ओळी असतात. कोलेस्टेरॉलच्या तपासणीत सातआठ ओळी, यकृताच्या तपासणीत दहाच्या आसपास आणि लघवीच्या साध्या तपासणीत आणखी तितक्याच. प्रत्येक ओळ स्वतंत्र चाचणी म्हणून मोजली की चारपाच नेहमीच्या तपासण्यांतूनच पन्नासची मजल गाठली जाते.

अधिक चाचण्यांचा आणखी एक खर्च दडलेला असतो. अहवालातील ‘सामान्य मर्यादा’ बहुतेक चाचण्यांत अशा रीतीने ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांचे आकडे तिच्या आत पडतात. साहजिकच उरलेल्या ५ टक्के निरोगी माणसांचे आकडे मर्यादेबाहेर दिसतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एका निरोगी माणसावर केल्या, तर किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. असा एखादा ठळक छापलेला आकडा पाहून घर घाबरते, पुन्हा तपासणी होते, तज्ज्ञांचा सल्ला घेतला जातो, आणि सवलतीत घेतलेल्या संचापायी त्याच्या कितीतरी पट खर्च होतो. म्हणून तपासणी डॉक्टरांनी वय, लक्षणे आणि घराण्यातील आजार पाहून सुचवलेली असावी. सवलत संपायला दोन तास उरले आहेत ही सूचना तपासणीचे कारण होऊ शकत नाही.

तपासण्यांतील अंतरही महत्त्वाचे आहे. एचबीए१सी ही चाचणी मागील दोन ते तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखवते, त्यामुळे ती दरमहा केल्याने नवे फारसे कळत नाही. उपचार बदलले असतील किंवा साखर आटोक्यात नसेल तर साधारणपणे तीन महिन्यांनी आणि साखर स्थिर असेल तर सहा महिन्यांनी ती पुरेशी होते. प्रयोगशाळा निवडताना तिला एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे का हे पाहावे आणि शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासण्या कराव्यात, कारण पद्धती वेगळ्या असल्या की आकड्यांची तुलना बिघडते. उपाशीपोटी द्यायचा नमुना जेवणानंतर दिला गेल्यामुळे तपासणी पुन्हा करावी लागणे हा टाळता येण्याजोगा खर्च आहे; नोंदणी करतानाच ही अट विचारून घ्यावी.

जुने अहवाल वेळेवर हाती लागणे हाही खर्च वाचवण्याचा मार्ग आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले असून, त्याअंतर्गत मिळणारे ‘आभा’ हे १४ अंकी आरोग्य खाते विनामूल्य आणि ऐच्छिक आहे. या खात्याशी जोडलेले अहवाल रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात, त्यामुळे केवळ कागद सापडत नाही म्हणून तीच तपासणी पुन्हा करण्याची गरज कमी होते.

सभासदत्व आणि आपोआप वळते होणारे पैसे

सभासदत्व परवडते की नाही हे ठरवताना छापील किमतीशी तुलना करणे ही नेहमीची चूक आहे. तुलना सभासदत्व नसताना मिळणाऱ्या दराशी केली पाहिजे. समजा, औषधांची छापील किंमत दरमहा १,५०० रुपये आहे, सभासद नसलेल्याला १२ टक्के आणि सभासदाला १५ टक्के सवलत मिळते आणि वार्षिक सभासदत्व ९९९ रुपये आहे. सभासदाला जास्तीची सवलत दरमहा ४५ रुपये, म्हणजे वर्षाला ५४० रुपये मिळते. तीन महिन्यांची औषधे एकदम मागवल्यास चार वेळचे प्रत्येकी ५० रुपये घरपोच शुल्क वाचून २०० रुपयांची भर पडते. तरीही एकूण लाभ ७४० रुपयेच होतो आणि २५९ रुपयांचा तोटा राहतो. औषधांचा खर्च याच्या दुप्पट असेल, तर हेच सभासदत्व लाभाचे ठरेल. म्हणून मागील सहा महिन्यांची बिले समोर ठेवून हा हिशेब केल्याशिवाय सभासदत्व घेऊ नये.

विनामूल्य चाचणी कालावधी संपताच पैसे वळते होऊ लागतात, आणि इथे एक समजूत दुरुस्त करणे अगत्याचे आहे : मोबाइलवरून ॲप काढून टाकल्याने सभासदत्व रद्द होत नाही. ॲपच्या बाजारातून घेतलेले सभासदत्व अँड्रॉइड फोनवर प्ले स्टोअरमधील देयके व सभासदत्वे या विभागात आणि आयफोनवर सेटिंगमधील स्वतःच्या नावाखाली जाऊन रद्द करावे लागते. यूपीआयवरून दिलेली ऑटोपेची संमती ज्या यूपीआय ॲपवरून दिली तिथे, तर कार्डावरील संमती बँकेमार्फत मागे घ्यावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या चौकटीनुसार अशी नियमित रक्कम वळती करण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे आणि संमती मागे घेण्याची सोय असली पाहिजे. जाहिरातींच्या गर्दीत ही सूचना नजरेतून निसटते, म्हणून सभासदत्व घेतानाच त्याच्या समाप्तीच्या तीन दिवस आधीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी.

विनामूल्य सार्वजनिक सेवा आधी पाहाव्यात

खासगी ॲपवर पैसे भरण्यापूर्वी उपलब्ध सार्वजनिक सेवांची माहिती असणे आवश्यक आहे. केंद्र शासनाच्या ‘ई-संजीवनी’ या सेवेतून डॉक्टरांचा दूरस्थ सल्ला विनामूल्य मिळतो. मोबाइल वापरणे जमत नसेल, तर आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या मदतीनेही तो घेता येतो. मानसिक आरोग्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे, आणि ज्यांना खासगी समुपदेशनाची दर बैठकीची फी झेपत नाही त्यांच्यासाठी ती मोठा आधार आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व प्राथमिक आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या निःशुल्क करण्यात आल्या आहेत. त्यामुळे जी रक्ततपासणी ॲपवर सवलतीच्या दरात दिसते, ती तालुक्याच्या रुग्णालयात विनामूल्य होत असण्याची शक्यता आधी तपासावी.

विमा आणि कर

आरोग्य विम्याच्या नेमक्या अटी पाहिल्यास ॲपवरील काही खर्च परत मिळू शकतो. ज्या पॉलिसीत डॉक्टरांच्या सल्ल्याचा खर्च समाविष्ट आहे, तिथे दूरस्थ सल्लाही त्यात धरावा, असे विमा नियामकाने जून २०२० मध्ये कंपन्यांना सांगितले आहे; तसेच रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या आणि घरी परतल्यानंतरच्या ठरावीक दिवसांतील संबंधित सल्ला, औषधे आणि तपासण्या यांचा खर्च अनेक पॉलिसींत मिळतो. त्यासाठी रुग्णाचे नाव, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि तारीख असलेले बिल लागते. पैसे पोहोचल्याचा संदेश त्याची जागा घेऊ शकत नाही.

आयकराच्या जुन्या करप्रणालीत आरोग्य विम्यासाठीच्या वजावटीच्या मर्यादेतच प्रतिबंधात्मक आरोग्य तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंतचा खर्च धरता येतो, आणि आरोग्य विमा नसलेल्या ६० वर्षे वा अधिक वयाच्या व्यक्तीच्या उपचारांवर रोखीखेरीज अन्य मार्गाने केलेल्या खर्चापोटी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. ॲपवरील देयके रोखीने झालेली नसल्यामुळे ती इथे उपयोगी पडतात, मात्र वर्षभराची बिले उतरवून ठेवलेली असली पाहिजेत. पुण्यामुंबईत वा परदेशात राहून गावाकडच्या आईवडिलांच्या औषधांचे पैसे भरणाऱ्या मुलांनी ही सोय विशेष लक्षात घ्यावी.

फसवणूक झाल्यास

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालील ई-वाणिज्य नियम २०२० यांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिच्या तपशिलासह दाखवली पाहिजे, संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवता येत नाही, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देऊन एका महिन्यात तिचे निवारण केले पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. डार्क पॅटर्न म्हणजे ग्राहकाच्या हातून त्याला नको असलेला निर्णय घडवून आणणारी पडद्याची मांडणी. त्यात १३ प्रकार सांगितले असून, न मागितलेली वस्तू किंवा विमा टोपलीत घालणे, शेवटच्या टप्प्यावर नवे शुल्क उघड करणे, खोटी घाई निर्माण करणे आणि सभासदत्व घेणे सोपे पण सोडणे अवघड ठेवणे हे प्रकार आरोग्य ॲप वापरणाऱ्याने ओळखायला शिकले पाहिजेत.

असे काही आढळल्यास पडद्याची छायाचित्रे, बिल आणि बँकेचा संदेश जपून ठेवून प्रथम ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीवर नोंद करावी, आणि तरीही प्रश्न न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे, जिथे मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. दोनशे रुपयांसाठी कोण भांडणार, असे म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात. परंतु दोनशे रुपये गेलेला रुग्ण पुढच्या वेळी गरज असतानाही सल्ला घेण्यास कचरतो, आणि हे नुकसान त्या दोनशे रुपयांपेक्षा मोठे असते.

आजारवार वही

वर सांगितलेले सर्व उपाय एका साध्या वहीत एकत्र आणता येतात. घरातील प्रत्येक दीर्घकालीन आजाराला एक पान द्यावे, अधूनमधून येणाऱ्या तापखोकल्यासाठी एक सामाईक पान ठेवावे आणि प्रत्येक पानावर पाच रकाने आखावेत : तारीख, कशासाठी, कोठून, किती रुपये आणि काम पुरे झाले की नाही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण दूरस्थ सल्ला घेऊनही दवाखान्यात जावे लागले, औषध चुकीच्या मात्रेचे आले किंवा नमुना पुन्हा द्यावा लागला, तर ती नोंद इथेच उमटते, आणि तीन महिन्यांनी पान वाचताना स्वस्त वाटलेली कोणती सेवा प्रत्यक्षात महाग पडली हे आपोआप दिसते. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरीही याच पानावर लिहावी. सभासदत्वाची रक्कम ज्या आजारासाठी ते घेतले त्याच्या पानावर टाकावी, आणि ती कोणत्याच पानावर बसत नसेल तर ते सभासदत्व चालू ठेवण्याचे कारण उरत नाही.

दूर राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांसाठी ॲप चालवताना ही वही विशेष काळजीने ठेवली पाहिजे, कारण अशा घरांत पैसे एका गावी भरले जातात आणि औषध दुसऱ्या गावी खाल्ले जाते. पुण्यातील मुलाच्या मोबाइलवर दरमहा औषधे पोहोचल्याची सूचना येते, नियमित मागणी लावून ठेवलेली असल्याने पुढच्या महिन्याचे पैसेही वेळेवर वळते होतात, आणि तिकडे गावी डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी एका गोळीची मात्रा निम्मी केलेली असते किंवा पोट बिघडते म्हणून आईने ती गोळी स्वतःच बंद केलेली असते. हा प्रकार ॲपला कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा फोनवर बोलताना औषधांचा डबा समोर घ्यायला सांगावा, प्रत्येक पट्टीत किती गोळ्या उरल्या ते मोजायला सांगावे आणि तो आकडा वहीत लिहावा. उरायला हव्या त्याहून अधिक गोळ्या शिल्लक असतील, तर पुढची मागणी थांबवून आधी डॉक्टरांना विचारावे. त्या एका मोजणीने पैसेही वाचतात, आणि ज्या माणसासाठी ते खर्च होत आहेत त्याच्या पोटात औषध जाते आहे की नाही, हेही समजते.